पहिल्या विचारण्यालाच हो

वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी मला एखादा अनोळखी फोन येतो. "तुम्ही विनय ना? यानबूला होता ते? तुम्हाला तो आजार झाला होता ना?" पलीकडचा आवाज दबका असतो, कारण ज्याला आजार झालाय तो बहुतेक शेजारच्याच खोलीत पडलेला असतो. मी जे काही सांगतो, ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी जास्त सांगणार आहे ते घरी आल्यानंतरचं. माझी सगळ्यात मोठी चूक मी इस्पितळात केली नाही. घरी आल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि हसतमुखाने केली.

बुटांवर संशय

मी इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, मूळचा नाशिकचा. दोन हजारनंतरची सात-आठ वर्षं सौदीत तांबड्या समुद्राकाठी यानबूला होतो, एका निमसरकारी पेट्रोकेमिकल कंपनीत. बायको माधवी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. मुलगी सई तिसरीत होती.

एका शनिवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्लांटमध्ये शिडी चढताना पायांना मुंग्या आल्या. सेफ्टी शूज नवे होते. मी स्टोअरमध्ये जाऊन बुटांची तक्रार केली, ते बदलून घेतले आणि वर त्या स्टोअरकीपरला चामड्याच्या दर्जाबद्दल चार शब्द ऐकवले. बिचाऱ्याची मी अजून माफी मागितलेली नाही. मंगळवारी जिन्याचा कठडा धरावा लागला. बुधवारी सकाळी बाथरूममध्ये खाली बसलो तो उठताच येईना.

सई दारात उभी होती. "बाबा, यू आर नॉट ट्रायिंग," ती म्हणाली. मी तिला सायकल शिकवताना रोज हेच म्हणायचो.

बायकांनी गाडी चालवायची नाही असा तिथे तेव्हा नियम होता. म्हणजे मी पडल्याबरोबर आमची गाडीही पडली. शेजारच्या मल्याळी गृहस्थांनी मला खांद्यावर घेऊन त्यांच्या गाडीत घातलं. वसाहतीच्या सरकारी इस्पितळातल्या इजिप्शियन डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली, जरा जोरात. मग हातोडी खिशात ठेवून ते माझ्याजवळ बसले. डॉक्टर उभे राहून बोलतात तोवर ठीक असतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

"गिलान-बारे," ते म्हणाले. "तुमचंच शरीर तुमच्या नसांवर उलटलंय. हे पायांकडून वर चढेल, मग थांबेल, मग सावकाश उतरेल. किती चढेल ते अल्लाच्या हातात."

"उतरेल ना पण?" माधवीने विचारलं.

"बहुतेकांचं उतरतं."

त्या 'बहुतेक' शब्दाला धरून आम्ही पुढचे पाच महिने काढले.

पापणी

जेद्दाच्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत आजार छातीशी आला होता. अकरा दिवस मी मशीनवर श्वास घेतला. भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. डोकं संपूर्ण शाबूत आणि खाली काहीच नाही, अशी भीती. माणसं येत होती, मला कुशीवर वळवत होती, नळ्या बदलत होती, माझ्या अंगावरून एकमेकांशी रजेच्या गप्पा मारत होती. दुष्ट कोणी नव्हतं. पण मी तिथे नव्हतोच.

फक्त एक नर्स वेगळी होती. ग्रेस, फिलिपिनो, ठेंगणी. ती हात लावायच्या आधी म्हणायची, "सर, आता मी तुम्हाला डावीकडे वळवू?" आणि थांबायची. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. एकदा मी मुद्दाम दोनदा मिटली. खरंच थांबते का ते बघायचं होतं. ती म्हणाली, "ओके, पाच मिनिटांनी येते," आणि गेली. त्या पाच मिनिटांत मला जो आनंद झाला तो प्रमोशन मिळाल्यावरसुद्धा झाला नव्हता.

एवढं शिकूनही मी पुढे काय माती खाल्ली ते आता सांगतो.

अबू फहदचा हुकूम

मशीन सुटल्यावर दोन महिने मी तिथल्याच व्यायाम-उपचारांच्या वॉर्डात होतो. दिवस ठरलेला. पहाटे अजान, मग रक्तदाब, मग खुर्चीत बसवणं, मग व्यायाम, म्हणजे बोट एक इंच हलवायला घाम काढणं. शेजारच्या खाटेवर अबू फहद होता. अल खर्जच्या डेअऱ्यांचे दुधाचे टँकर चालवायचा. रस्त्यावर उंट आडवा आला आणि कंबरेखालचं गेलं, ते कायमचं. भारतीय माणसांबरोबर वीस वर्षं काम केल्यामुळे त्याला कामापुरतं हिंदी येत होतं.

त्याच्या दिमतीला एक माणूस होता. त्याचा पगार सरकार द्यायचं, पण माणूस निवडला होता अबू फहदने. कधी यायचं, काय करायचं, कसं करायचं, तेही तोच ठरवायचा. आणि ठरवायचा म्हणजे काय! उशी दोन बोटं खाली. खजूर तो नको, शेजारचा. मोजा उलटा झालाय, काढ, परत घाल. मला ते ऐकवत नसे. आपल्याकडे आजारी माणूस कसा असावा? सोशिक. 'कुणाला त्रास नाही हो त्यांचा' असं लोकांनी म्हणावं असा.

एकदा मी धीर करून म्हणालो, "अबू फहद, इतना हुकूम?"

तो शांतपणे म्हणाला, "हाथ उसका, बदन मेरा. मैं नहीं बोलेगा तो उसको कैसे मालूम? खलास."

त्याला भेटायला माणसं यायची ती थर्मासभर कडू कॉफी घेऊन. अंड्याएवढा, कान नसलेला कप. रिकामा झाला की भरायचा, पाहुण्याने तो बोटांत धरून हलवला की थांबायचं, ही त्यांची रीत. माझी बोटं तेव्हा मेलेली. अबू फहदचा माणूस माझ्या ओठांना कप लावत होता आणि अबू फहदचा भाऊ तो भरत होता. मी आठ कप प्यायलो. नवव्याला अबू फहदच्या लक्षात आलं आणि तो खाटेवर हसून हसून लाल झाला. "हाथ नहीं है, ज़बान तो है ना! बस बोलो, यार!"

मी म्हणालो, "बरं नाही दिसत ना." हे मला त्याला हिंदीत नीट सांगताही आलं नाही.

काही नको

घरी आलो तेव्हा आधार दिला तर मी खुर्चीत बसू शकत होतो. चमचा धरता येत नव्हता. उभं राहायला दोन माणसं लागायची. 'आपला हात जगन्नाथ' म्हणतात. माझा जगन्नाथ उशीवर आडवा पडलेला होता.

अबू फहदला होती तशीच सोय आमच्या वसाहतीचं इस्पितळ कामगारांनाही काही महिन्यांसाठी द्यायचं, सरकारी पैशांतून. अट एकच: काय हवं, किती वेळ हवं, कोण हवं, हे पेशंटने स्वतः सांगायचं. घरी येऊन फॉर्म भरून घ्यायचं काम इल्हाम नावाच्या सुदानी बाईंचं होतं. उंच, मृदू, अतिशय अदबशीर. माधवी आत त्यांच्यासाठी पोहे करत होती. मी बाहेर खुर्चीत, दाढी वाढलेली, पण शर्टाला इस्त्री.

"सकाळी उठवायला मदत हवी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नको, नको. होतं तसं."

"अंघोळ? टॉयलेट?"

परक्या बाईसमोर हा विषय. मी म्हणालो, "नाही नाही, घरी बायको आहे."

"जेवण भरवायला?"

"त्याचं काही विशेष नाही."

"कोणत्या वेळी माणूस पाठवू?"

"कधीही चालेल. तुमच्या सोयीने."

"कोणी ठरावीक माणूस हवा?"

"कोणीही चालेल."

त्या प्रत्येक वेळी मान हलवून लिहीत होत्या. आता हे वाचणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला कळेल की मी नाही म्हणतच नव्हतो. आपल्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो, यजमान तिसऱ्यांदा आग्रह करतो, मग पानात पोळी पडते. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट. मी वाट बघत होतो की बाई म्हणतील, अहो असं कसं, सांगा ना. बाईंनी फॉर्मची घडी घातली, पोह्यांचं कौतुक केलं आणि गेल्या. फॉर्म एकदाच विचारतो.

आठवड्याने पत्र आलं. दिवसाला दोन तास, दहा ते बारा. काम: सोबत, आणि व्यायामात मदत.

दहा वाजता सगळं झालेलं असतं

आमचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. माधवी मला वळवायची, उठवायची, संडासला न्यायची, धुवायची, अंघोळ घालायची, दाढी, कपडे, भरवणं. मध्येच सईचा डबा. मी सत्तर किलोचा माणूस आणि ती पन्नासची. दहा वाजता सलीमभाई यायचे तेव्हा मी पावडर लावून खिडकीशी बसलेला असायचो.

सलीमभाई पन्नाशीचे, हैदराबादचे, वीस वर्षं वॉर्डात काम केलेले. पहिल्या दिवशी मला बघून ते म्हणाले, "साब, सब हो गया तुमारा? फिर मैं क्या करूं?" आम्ही दोघं दोन तास टीव्हीवर क्रिकेट बघायचो.

माधवीची बिनपगारी रजा ईदच्या सुट्टीपर्यंत होती. सुट्टीनंतरच्या शनिवारी रुजू झाली नाही तर जागा भरणार, असं प्रिन्सिपॉलनी सांगितलं होतं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. दहावीचा वर्ग होता. शिक्षकांची बस सव्वासहाला फाटकाशी यायची. दुसरं वाहन नाही, आणि ती स्वतः गाडी चालवू शकत नाही. दहा वाजता येणाऱ्या माणसाचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

नाशिकहून आईचा फोन यायचा. "परक्या पुरुषाच्या हातून अंघोळ? आणि माधवी आहे ना घरात?" माधवी फक्त "हो आई" म्हणायची.

सुट्टी संपायला सोळा दिवस उरले असताना मला मोजे घालता घालता ती म्हणाली, "मी राजीनामा लिहून टाकते." दूध संपलंय म्हणावं तशा आवाजात.

मी म्हणालो, "अगं, त्यांनीच कमी तास दिले. काय करणार?"

ती मोजा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तू त्यांना काय सांगितलंस? मी आत होते, मला सगळं ऐकू येत होतं. अंघोळ? नको. टॉयलेट? नको. मग मी पाच वाजल्यापासून करते ते काय आहे रे? व्यायाम?"

"माझा अर्थ तसा..."

"तुझं सगळं चांगुलपण माझ्या कमरेवर चाललंय, विनय."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने दुसरा मोजा घातला, नीट, टाच टाचेवर बसवून, आणि ओट्याशी गेली. मला स्वतःची इतकी लाज संडासच्या खुर्चीवरही वाटली नव्हती.

परमिट

माधवीने इल्हामबाईंना फोन लावला. त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं, "मॅडम, पेशंट तुम्ही नाही. बदल हवा असेल तर त्यांनी त्यांच्या तोंडाने सांगायला हवा. मी सोमवारी येते." मला आधी तो नियम आडमुठा वाटला. नंतर ग्रेस आठवली.

मी सलीमभाईंना सगळं सांगितलं. ते हसले. "साब, तुमारा नक्को मेरे कू समज में आता. हमारे हैदराबाद में बी ऐसाच नक्को बोलते. वो सूदानी मैडम कू कैसा आयेगा? तुमकू क्या होना, सीधा बोलो."

मग अबू फहदला फोन लावला. सलीमभाईंनी माझ्या कानाशी धरला. तो अल खर्जला घरी परतला होता, आणि त्याची मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, पुन्हा भरू लागली होती. तो म्हणाला, "यार, मेरे मजलिस में तुमको नौ बार कॉफी मिलेगा. दफ्तर में एक बार पूछता है."

आमच्या प्लांटमध्ये परमिटशिवाय कोणी नटसुद्धा फिरवत नाही. काय काम, कुठे, किती वाजता, कोण करणार, आधी काय बंद करायचं, सगळं लिहायचं. त्यावर कोणी 'सोयीने बघा' असं लिहिलं असतं तर मी स्वतः तो कागद परत फेकला असता. मग माझ्या शरीराचं परमिट मी कोणाच्या सोयीवर सोडलं होतं? दोन दिवस मी सांगत गेलो आणि सलीमभाई व सई लिहीत गेले. सलीमभाई मध्येच विचारायचे, "दायां हाथ पैले या बायां?" मला माहीतच नव्हतं. माधवीला माहीत होतं.

सोमवारी इल्हामबाई आल्या. माधवी आत गेली नाही, माझ्या शेजारी बसली. माझ्या कानशिलांवर घाम आला होता.

"सकाळी उठवायला मदत हवी?"

"हो," मी म्हणालो. "साडेपाचला."

"टॉयलेट?"

"हो. मला न्यावं लागतं आणि मला धुवावं लागतं. रोज. मला स्वतःला येत नाही." हे इंग्रजीत होतं हे बरं झालं. मराठीत कदाचित तोंडातून निघालं नसतं.

त्यांनी लिहिलं. छत कोसळलं नाही. अंघोळ, दाढी, भरवणं, व्यायाम, माधवी शाळेतून परत येईपर्यंतची सोबत, सगळ्याला हो. माणूस कोण? सलीमभाई. का? "कारण ते विचारतात आणि मग थांबतात."

"आणखी काही?"

"नको, नको, एवढं पुष्..." जीभच ती. मी थांबलो. माधवी समोरच्या भिंतीकडे बघत होती. "हो. आणखी आहे. गुरुवारी संध्याकाळी दोन तास. माझ्यासाठी नाही, म्हणजे, मला सोबत लागेल, कारण ही बाहेर जाईल. समुद्रावर. मुलीला घेऊन, किंवा एकटी."

इल्हामबाईंनी पहिल्यांदाच लिहायचं थांबवून माधवीकडे पाहिलं, आणि मग लिहिलं.

उत्तराला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत माधवीने राजीनाम्याचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला होता, सही न केलेला. बुधवारी फोन आला. बाकी सगळं मंजूर, गुरुवारचं पहिल्या महिन्यानंतर बघू. माधवीने कागद काढला, फाडला नाही, उलटा करून त्यावर दहावीचं वेळापत्रक आखायला बसली.

शनिवार

साडेपाचला सलीमभाई आले. "साब, पैले बिठाऊं?" "हो. आधी डावा हात. पाठीखाली नको, खांद्याखाली धरा." माधवी आरशासमोर होती. दोनदा तिने मागे वळून पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. डावा हात आधी की उजवा हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि ते न सांगता राहणं तिला जड जात होतं, ते मला दिसत होतं. साडीवर काळा अबाया चढवून, वह्यांची पिशवी घेऊन ती सईबरोबर निघाली. बसचा हॉर्न वाजला. सलीमभाई माझ्या गालाला साबण लावत होते. मी त्यांना थांबायला सांगितलं. बस गेल्याचा आवाज संपेपर्यंत ते ब्रश हातात धरून उभे राहिले.

पुढे मी बरा झालो. सात महिन्यांनी काठीने चाललो, वर्षाने काठी सोडली. डाव्या पायाचा अंगठा अजून माझं ऐकत नाही. ज्यांचे फोन येतात त्यांना मी हे सांगतो, कारण त्यांना तेच ऐकायचं असतं. पण माझ्या मनात बरं होण्याचा दिवस म्हणून तो शनिवारच आहे, जेव्हा मला बोटसुद्धा नीट वळत नव्हतं.

त्या दुपारी पावणेतीनला माधवी आली. अबाया खुंटीला लावून पलंगाच्या कडेवर टेकली. खडूचा वास येत होता तिला.

"चहा घेतेस?" मी विचारलं. सलीमभाई ओट्याशी होतेच.

"नको."

"मग काय हवंय तुला?"

"काही नको रे."

मी म्हणालो, "फॉर्मवर तसंच लिहू?"

ती हसली. मग हसणं ओसरलं आणि ती खरंच विचार करत बसली, बराच वेळ. एवढ्या महिन्यांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "झोपायचंय," ती म्हणाली. "दोन तास. कोणी उठवायचं नाही. काहीही झालं तरी."

"डन."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तीन वाजता सलीमभाई गेले. सईला मी ओठांवर बोट ठेवून दाखवू शकत नव्हतो, म्हणून डोळे मोठे केले. ती चवड्यांवर चालत गृहपाठ घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली.

साडेतीनला फोन वाजला. सईने धावत जाऊन स्पीकरचं बटण दाबलं. आई होती, नाशिकहून. "विनू, माधवीला दे रे."

"ती झोपलीय, आई."

"या वेळेला? बरं नाहीये का तिला?"

"बरी आहे."

"मग उठव की. एवढा लांबून फोन केलाय."

पाच महिन्यांत मी कोणासाठी काही केलं नव्हतं. सगळं जग माझ्यासाठी करत होतं. मी म्हणालो, "नाही उठवणार. तिने सांगितलंय."

आई म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळाने, "झोपू दे मग."

"सई," मी म्हणालो, "फोन ठेव. हळू."